भिंतीवर लावलेला प्रश्न

६ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. आज हात वळत नाहीये. तेवढी जागा कोरी सोडलीय असं समज.

फोन उचलत नाहीस. सतरा वेळा केला. अठराव्यांदा तुझ्या नवऱ्याने उचलला आणि नुसता श्वास घेत राहिला. जबडा तारांनी बांधल्यावर माणूस आणखी काय करणार! तो श्वास ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. आमच्या शाळेतली उंच ताई हे पत्र दवाखान्यात तुझ्या हातात देईल. तीच ती, सोमवारी बाकीच्या अकरा पोरांना मागच्या दाराने अंगणात घेऊन पळाली होती. वाचून झालं की फाडून टाक. त्याच्या उशाशी ठेवू नकोस.

मुद्द्याचं आधी लिहिते. पंचवीस तारखेला मुलांच्या समितीपुढे सुनावणी आहे. मुंगीने कुठे राहायचं ते तिथे ठरणार. सध्या ती तुझ्या सासूबाईंकडे आहे ते ठीक, पण तुझा नवरा वीस-बावीस तारखेपर्यंत घरी येईल. तू समितीपुढे उभी राहून बोलली नाहीस तर तुझी मुलगी त्याच घरात परत जाणार. चार वर्षांची आहे गं ती. कोपरातून हात निखळलाय तिचा, आणि तू त्या माणसाला नळीने पाणी पाजत बसलीयस. धन्य आहे तुझी!

मी पोलिसांना सांगायचं ते सांगितलंय. तो तिला ओढत होता, मी सोडवायला गेले, हातातली हातोडी त्याला लागली. एकदा. विषय संपला.

मोठ्या बाईंनी मला 'विश्रांती' दिलीय. पंधरा वर्षं शाळेत जमिनीवर बसले, कधी पाठ दुखली नाही. आता घरी खुर्चीत बसून दुखते. तू फक्त एवढंच कर, पंचवीस तारखेला तोंड उघड. बाकी सगळं मी निस्तरते.

ताई

९ फेब्रुवारी

धाकटे,

उंच ताई म्हणाली, पत्र घेतलंस आणि न उघडता पर्समध्ये टाकलंस. बरं. हेही टाक. कधी ना कधी पर्स साफ करशीलच.

तू मला किती वर्षं चिडवत आलीयस, "ताई, तू शाळेत करतेस तरी काय? नुसती बसतेस!" हो बाई, बसते. आमच्याकडे शिकवायचं नसतं. मुलाच्या डोक्यात जो प्रश्न येईल त्याच्या मागे जायचं. उत्तर द्यायचं नाही, उलट विचारायचं: तुला काय वाटतं? कसं शोधूया? आणि मांडीवरच्या वहीत मुलाचा शब्दन् शब्द उतरवायचा. 'रुसली' असं लिहायचं नाही. 'ओठ बाहेर काढला, दहा मिनिटं बोलली नाही' असं लिहायचं. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. मग त्यातलं निवडून, फोटोंसकट, भिंतीवर लावायचं. आपलं पोर विचार करतं हे आईबापांना दिसावं म्हणून.

मुंगीचा प्रश्न अठरा जानेवारीला आला. मातीकाम चाललं होतं. तिने ओल्या मातीची बाहुली केली, पालथी घातली आणि तिच्या पाठीत पंजाने हाणायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, किती मारल्यावर रडणं थांबतं?" शाळेत ती मला ताईच म्हणते, मावशी फक्त घरी. तसा आमच्यात करारच आहे.

मी काय केलं असेल? खूश झाले! असा प्रश्न आला की आमच्या अंगावर मूठभर मांस चढतं. "तुला काय वाटतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सहा." मी म्हटलं, "मग कसं शोधूया?"

चार दिवस चाललं ते. माती झाली, खोका झाला, उशा झाल्या. पोरं मोजत होती, हाणत होती, मी लिहीत होते. एक मुलगा उशी बडवून दमला. "ही रडतच नाही!" म्हणाला. दुसरी म्हणाली, "तिला तोंड नाही ना." मुंगी शांतपणे म्हणाली, "तोंड असलं तरी उशीतच घालायचं असतं." मी लिहून घेतलं. "आधी मोठ्याने रडते, मग बारीक, मग नुसतं हुं हुं. मग तो पाणी पितो." तेही लिहून घेतलं, माझ्या वळणदार अक्षरात. वर नाव दिलं, 'आवाज कधी थांबतो?' मला वाटलं, पोरांचा आवाजाचा अभ्यास चाललाय. मला काय स्वप्न पडलं होतं?

तू मला कधी एका शब्दाने सांगितलं नाहीस. गेल्या वर्षी डोळा काळानिळा झाला तेव्हा म्हणालीस, कपाटाचं दार लागलं. मी हसले होते. "आंधळी कोशिंबीर खेळत होतीस का?" असं विचारलं होतं मी. तू पण हसलीस. मूग गिळून बसलीस ती तू, आणि आता बोल मला लागतोय.

ताई

१४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. औषधाच्या कागदामागे लिहिलेल्या तीन ओळी. 'ताई, किती वेळा मारलंस ते लिही. भिंतीवर का लावलंस तेही लिही. मग मी बोलायचं की नाही ते ठरवेन.'

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी तुझ्या पोरीला वाचवलं आणि तू माझी परीक्षा घेणार? तू! तू दारात उभी होतीस, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तुला आकडा माहीत आहे. मग माझ्याकडून कशाला हवाय? चिठ्ठीचे आठ तुकडे केले. मग जमिनीवर बसून ते पुन्हा जुळवले.

भिंतीचं लिहिते. आकड्याचं नंतर.

मला माहीत होतं. पहिल्या दिवशी नाही, शप्पथ. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते उशीचं ऐकलं आणि पेन थांबलं. कपाटाचं दार आठवलं. उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालून यायचीस ते आठवलं. एका क्षणात सगळं लख्ख झालं.

आमच्याकडे नियम आहे. असं काही कानावर आलं की त्याच दिवशी मोठ्या बाईंना सांगायचं, त्या पुढे कळवतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत मी तासाभरात सांगितलं होतं. या वेळी नाही सांगितलं. मी स्वतःला समजावलं की बहिणीची चार लोकांत शोभा नको. हे खोटं आहे. मला त्याला पकडायचं होतं. त्याने सगळ्या आईबापांच्या गर्दीत उभं राहून स्वतःच्या मुलीचे शब्द वाचावेत, त्याच्या तोंडचं पाणी पळावं आणि ते मी बघावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी ती नोंद मुद्दाम मोठ्या अक्षरात काढली आणि दारासमोरच्या भिंतीवर लावली. त्याच्या उंचीला येईल अशी.

शनिवारी आईबाप भिंत बघायला आले, तोही आला. हात मागे बांधून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्षर छान आहे हो तुमचं." मुंगीच्या डोक्यावर थोपटलं. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, चांगली जिरली! मी त्या दिवशी घरी गाणं गुणगुणत गेले, धाकटे.

रविवारी काय झालं ते मला तू सांगितलं नाहीस. मुंगीने समितीच्या बाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. त्याने तिला जेवणाच्या टेबलावर उभं केलं. "तुला मोजायचंय ना? मोज," म्हणाला. आणि तुला मारायला लागला. ती चुकली की पुन्हा एकपासून. तुझे दोन दात गेले तेव्हा ती अकरावर होती. तिला बारा येत नाहीत. आमच्याकडे आकडे घोकून घेत नाहीत.

तो सगळा रविवार मी भिंतीवर चिकटवला होता. लिहिलं बघ. झालं समाधान?

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

उंच ताईकडे निरोप दिलास, "भिंतीचं वाचलं. दुसरं राहिलं." आवाज चढवला नाहीस, रडली नाहीस, असं ती म्हणाली. लहानपणी मी तुझी वेणी कापली होती तेव्हाही तू अशीच नुसती बघत राहिली होतीस. मग आईकडे जाऊन मी स्वतःच कबूल केलं होतं.

पाच दिवस मी हे लिहायला बसते आणि उठते. प्रत्येक वेळी हातोडी आपोआप लागते, तो आपोआप पडतो, मी कुठे नसतेच. शेवटी आज शाळेची कोरी वही काढली. मला दुसरं काही येत नाही, हे येतं.

नोंद. सोमवार, सकाळचे अकरा. सुतारकोपरा. हजर: मुंगी, तिची आई, तिचे वडील, मी, उंच ताई, इतर अकरा मुलं.

वडील मुलीचं नाव काढून घ्यायला आले. दारातून मुलगी वडिलांचा हात सोडून पळाली आणि सुतारकामाच्या टेबलाखाली शिरली. वडील म्हणाले, "चल." मुलगी आली नाही. वडिलांनी खाली वाकून तिचा डावा हात धरला आणि ओढला. कट् असा आवाज आला. मुलगी ओरडली, "मावशी!" शाळेत तिने मला असं पहिल्यांदाच म्हटलं.

मी टेबलावरची हातोडी घेतली. मुलांची, लाकडी मुठीची, आखूड, पण डोकं लोखंडाचं. आमच्याकडे मुलांना खेळण्यातली हत्यारं देत नाहीत. उंच ताईने मुलांना बाहेर न्यायला सुरुवात केली.

पहिला फटका त्याच्या मनगटावर. त्याने मुलीला सोडलं. दुसरा जबड्यावर. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. त्याने तोंडावर हात धरला. तो "नको, नको" म्हणाला.

तिसरा त्या हाताच्या बोटांवर. चौथा पुन्हा जबड्यावर, बोटं बाजूला झाली तेव्हा. तो रडत होता. पाचवा कानामागे. मग त्याचा आवाज बंद झाला.

मी सहाव्यासाठी हात उचलला होता. तू मागून माझं मनगट धरलंस. मी झटका दिला, माझं कोपर तुझ्या तोंडावर बसलं, जिथे आदल्या दिवशीच दात पडले होते तिथे. तुझ्या हनुवटीवरून रक्त आलं. तरी तू सोडलं नाहीस.

मुंगी टेबलाखालून मोजत होती. मोठ्याने, आमच्या शाळेतल्या पोरीसारखं, एकेक आकडा सुटा. मग म्हणाली, "ताई, पाच. मला सहा वाटले होते."

नोंद संपली.

आता वाटलेलं लिहिते, ते वहीत लिहीत नसतात. पहिल्या दोन फटक्यांचं मला काही वाटत नाही, आजही पुन्हा मारेन. पण तिसऱ्यापासून मी मुंगीकडे बघितलंच नाही. ती सुटली होती, माझ्या मागे होती, तिला घेऊन बाहेर जायला आठ पावलं होती. मी गेले नाही. मला मारायला बरं वाटत होतं. धाकटे, फार बरं वाटत होतं. त्याचं ते "नको, नको" ऐकून मला आणखी जोर आला. त्यालाही असाच येत असणार.

आणि तू त्याच्यासाठी माझा हात धरलास म्हणून मी इतके दिवस तुझ्यावर जळत होते. आता वाटतं, त्याच्यासाठी नसेल धरलास. तू सहावा बसू दिला असतास तर आज मी तुला तुरुंगातून लिहीत असते.

उद्या सकाळी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलते. मोठ्या बाईंनाही सांगणार. नोकरी जाणार हे उघड आहे, खटलाही वाढेल. वकील डोक्याला हात लावेल, लावू दे. तू तुझं ठरव. तुला जे ठरवायचं ते, पण मुंगीला त्या घरात नेऊ नकोस गं. पाया पडते तुझ्या. थोरली असून पडते.

ताई

२६ फेब्रुवारी

धाकटे,

काल मी तुझ्या मागच्या बाकावर होते, तू वळून पाहिलं नाहीस. त्याची आई तुझ्या शेजारी, तो पलीकडे, तोंड बांधलेला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तू उठलीस. मला वाटलं आता म्हणणार, कपाटाचं दार.

तू ओठ वर करून दाखवलास. नुसता. मग म्हणालीस, "दोन दात यांनी पाडले. नंतर ओठ फुटला तो माझ्या बहिणीच्या कोपराने. दोन्ही लिहा." सहा वर्षांचं एकेक करून सांगितलंस, तारखांसकट. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरातलं घरात ठेवावं." तू म्हणालीस, "घरातच ठेवलं होतं ना, आई." आणि तो उठून तुझ्याकडे एक पाऊल आला तेव्हा तू खुर्चीचा कठडा धरलास, पण बोलायची थांबली नाहीस. मला रडू आवरेना. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या वकिलाने मला रुमाल दिला, काय सांगू!

मग निकाल. मुंगी तुझ्याकडे. त्याने भेटायचं नाही. आणि प्रश्न आला, "राहणार कुठे?" तू म्हणालीस, "ताईकडे." समितीतले ते म्हातारे गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, "ज्या बाईने मुलीच्या देखत हे केलं, तिच्या घरी?" तू म्हणालीस, "तिने पाचही सांगितले आहेत. यांनी अजून एकही सांगितलेला नाही." त्यांनी चष्मा लावला आणि मान डोलावली.

मी तीन आठवडे हेच मागत होते. मिळालं. मी धावतच बाहेर आले. व्हरांड्यात मुंगी बाकावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला, पाय हलवत. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. माझे केस डोळ्यांवर आले म्हणून मागे सारायला मी हात वर केला.

तिने मान खाली घातली, डोळे घट्ट मिटले आणि चांगला हात डोक्यावर घेतला. ओठ हलत होते. तिने 'एक' म्हटलं होतं.

तू कागदांवर सह्या करत होतीस, तू पाहिलं नाहीस. मी हात खाली घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर. पाहिलं ते लिहायचं म्हणून मी बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडला आणि "आई कुठाय?" म्हणाली. "आत आहे, येतेच आहे," मी म्हटलं आणि उठून दोन बाकं सोडून बसले.

म्हणून हे पत्र. घर झाडूनपुसून ठेवलंय. मुंगीची गादी खिडकीपाशी टाकलीय, तिला तिथून मुंग्यांची रांग दिसते. फडताळात सगळं भरलेलं आहे. गॅस जरा हळू पेटतो, घाबरू नकोस. माझे कपडे आणि पुस्तकं मी उंच ताईच्या घरी नेली, खटल्याचं होईपर्यंत तिथेच राहणार. "थोरली बहीण असून धाकटीला एकटी सोडतेस?" असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. तू बोलावलंस तरी लगेच येणार नाही. मुंगीने बोलावलं तर येईन, आणि तेही तू घरात असताना.

आज सकाळी दाराचं कुलूप बदलून घेतलं. सोबतच्या पाकिटात दोन किल्ल्या आहेत. दोनच होत्या.

ताई